‘पारूचं आगर’ची चौसष्ट पाने

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायकोलाही नाही—तिच्या शेवटच्या आजारात तिच्याजवळ बसून आयुष्यातले पुष्कळ काही बोललो, पण हे तेवढे टाळले. छत्तीस वर्षे मी वर्गात उभा राहून मुलांना सांगत आलो की, उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचावा, आणि जे विचारले आहे तेवढेच लिहावे. गेल्या महिन्यात मला एक प्रश्न लेखी विचारला गेला. त्याचे उत्तर म्हणून मी तीन वेळा तीन पाने लिहिली आणि तिन्ही वेळा फाडली. हे चौथे लिखाण आहे. ते विचारल्याबरहुकूम नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा आधी ओळख. मी डोंबिवलीत राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. कल्याणच्या एका शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवत असे. माझे जुने विद्यार्थी आणि सहकारी मला दोन गोष्टींसाठी ओळखतात—सुवाच्य अक्षर आणि तल्लख स्मरणशक्ती. त्यांपैकी पहिली गोष्ट खरी आहे.

दुसरी ओळख नारायण भोईर यांची. ती जास्त महत्त्वाची, कारण हे सारे त्यांच्याविषयी आहे. त्यांचे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण तुमचे वय साठीच्या पुढे असेल तर त्यांची चित्रे तुम्ही नक्की पाहिली आहेत. पूर्वी मुंबईतून लहान मुलांसाठी चित्रकथांच्या पातळ पुस्तिका निघत—गुप्तहेर, दर्यावर्दी, राक्षस, जादूचा गालिचा. त्यांतल्या शेकडो पानांवरची चित्रे नारायणरावांच्या हातची. पुस्तिकेवर लेखकाचे नाव असे, मुद्रकाचे असे. चित्रकाराच्या जागी ‘कलाविभाग’ असा एकच शब्द. कलाविभाग म्हणजे कळव्याच्या एका घरातली खिडकीजवळची बैठी चौकी आणि तिच्यापुढे मांडी घालून बसलेला हा माणूस. घराणे मिठागरात—त्यांच्या बोलीत आगरात—राबणारे. बाप लवकर गेला. आई पारूबाई बांधावर मीठ ओढत राहिली, म्हणून मुलाला चित्रकलेच्या शाळेत जाता आले.

चित्रकथेचे पान कसे तयार होते, हे मला त्यांनी शिकवले. पान छापायच्या मापाच्या दीडपट आकारात काढतात, म्हणजे छोटे करताना रेषा नेटकी दिसते. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने आखणी, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही. मग ब्रशाने काळी शाई. चुकले तर वर पांढऱ्या रंगाचा थेंब. बोलण्याचे फुगे मोकळे सोडायचे, त्यांत अक्षरे दुसराच कोणी भरतो. आणि छापून झाले की मूळ पान प्रकाशकाकडे राहते, चित्रकाराला परत मिळत नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. पंचवीस वर्षे काम करूनही नारायणरावांच्या घरात त्यांच्या हातचे एकही मूळ पान नव्हते—एक बाड सोडून.

आमची गाठ पडली ती भिंतीमुळे. पुस्तिकांचा धंदा बसल्यावर ते पाट्या आणि भिंती रंगवू लागले होते. आमच्या शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढायला आले, आणि त्यांच्यावर देखरेख करायला भूगोलाचा शिक्षक म्हणून मला उभे केले गेले. मी फूटपट्टी घेऊन गेलो. त्यांनी नुसत्या नजरेने काढलेली किनारपट्टी मी मोजली. चूक सापडली नाही. दुपारी खडू हवा म्हणून मी माझे कपाट उघडले आणि ते मागे येऊन उभे राहिले. खालच्या खणात मी मुलांच्या दप्तरांतून जप्त केलेल्या चित्रकथा रचून ठेवल्या होत्या. अशी पुस्तके वाचून भाषा बिघडते, विचार उथळ होतो, असे माझे ठाम मत होते. पालकसभेत मी त्यावर बोलतही असे. नारायणराव उकिडवे बसले आणि एकेक पुस्तिका बाजूला काढू लागले.

“हा माझा. हा पन माझा. हा... हा नाय, ह्याचे घोडे बघा, गाढवावानी. हा माझा.”

अकरा निघाल्या. मी खडूची पेटी उचलून उगाच खडू मोजू लागलो. ते मात्र हसत होते. “मास्तर, माझी एवढी पोरा तुमी कोंडून ठेवलीत, आनि मी बाहेर तुमचीच भित रंगवताय!”

त्या हसण्यातून मैत्री झाली. रविवारी मी कळव्याला जाऊ लागलो. त्यांची पत्नी हिराबाई तांदळाच्या भाकऱ्या करीत. मुलगी सुलभा तेव्हा कॉलेजात होती; ती मला मास्तरकाका म्हणे. अशाच एका रविवारी त्यांनी मला ते बाड दाखवले. ‘पारूचं आगर’. चौसष्ट पाने. कोणीही सांगितलेले नसताना, कोणाच्याही कथेवरून नव्हे, सात वर्षे दिवसभर पाट्या रंगवून उरलेल्या वेळात त्यांनी आपल्या आईची गोष्ट काढली होती. परकरी पोर मिठागरात येते तिथपासून, जमीन दुसऱ्याच्या हाती गेल्यावर म्हातारी बांधावरून शेवटची निघते तिथपर्यंत. आईचा फोटो घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता. “आई गेली त्याच वर्सी शेवटची पाना काढली,” ते म्हणाले, “चेहरा डोल्यापुढं होता तवाच.”

मी पाने उलटली. रेषा सुबक आहेत, असे म्हणालो. तेवढेच म्हणालो. मनात काय होते, ते आज प्रामाणिकपणे लिहितो—एवढा हात असलेल्या माणसाने हे असले चौकटी-फुग्यांचे काम का करावे, असे मनात होते.

पुढच्या वर्षी त्यांचे जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले. वर्षभर भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि त्या खोलीच्या भिंतींना ओल. बाड कापडात बांधून ते माझ्याकडे शाळेत आले. “जिथं बाकीची पोरा ठेवलीत तिथंच ही पन ठेवा,” म्हणाले. “तुमच्या कुलपावर माझा भरोसा हाय.” मी ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. कपाट पहिल्या मजल्यावर होते. ही नोंद मुद्दाम करतो आहे.

आता मी त्या गोष्टीपाशी येतो. येतो—आणि पुन्हा बाजूने निघून जावेसे वाटते. पण नाही.

त्या वर्षी शाळेची मोठी तपासणी जाहीर झाली. प्रत्येक वर्गात शिक्षकाने स्वतः केलेले तक्ते हवेत, असा हुकूम निघाला. सारी भिस्त माझ्या अक्षरावर. कार्यालयाकडे मी जाड ड्रॉइंग बोर्ड मागितला. तो आला नाही. बाजारात मिळाला तो पातळ, शाई फुटणारा. आठ दिवस उरले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कपाट उघडले, बाड सोडले आणि पहिले पान उलटे केले. मागची बाजू कोरी होती. पांढरी, गुळगुळीत, जाड. उत्तम बोर्ड.

मी चोरी करतो आहे, असे मला वाटले का? नाही. अजाणता केले, असेही नाही. मी समोरची बाजू पाहिली होती. कोणाची आहे, कशाची आहे, हे मला ठाऊक होते. तरी मला वाटले की कागदाचा अधिक चांगला उपयोग होतो आहे. हे आता कोण छापणार? चित्रांना तर हात लागत नाही, ती मागे जशीच्या तशी राहतील. तपासणी झाली की सांगू. खरे म्हणजे, या सगळ्या वाक्यांच्या खाली एकच वाक्य होते—माझा पचनसंस्थेचा तक्ता हे ज्ञान आहे, आणि त्यांची पारू ही करमणूक आहे.

चार पाने कडेला कड लावून एक तक्ता. कडा जुळाव्यात म्हणून समास दोन-दोन बोटे कापले. काही ठिकाणी चौकटीची कडही कापली गेली. सांध्यावर डिंकाची कापडी पट्टी, ती अर्थात चित्रांच्या बाजूने. वर-खाली लाकडी पट्ट्या, बारीक खिळे. चौसष्ट पानांचे सोळा तक्ते झाले. पद्धतशीर माणूस असल्यामुळे मी पानांचा क्रमही मोडला नाही. पहिल्या तक्त्यामागे एक ते चार, सोळाव्यामागे एकसष्ट ते चौसष्ट. पचनसंस्था, जलचक्र, महाराष्ट्रातील नद्या, खडकांचे प्रकार. तपासणी अधिकाऱ्यांनी शेऱ्यात माझे नाव लिहिले. पुढे जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात त्या संचाला पहिला क्रमांक मिळाला आणि ते तक्ते शाळेचे भूषण झाले. मग कसे सांगणार? रोज सांगणे आदल्या दिवसापेक्षा कठीण होत गेले.

आणि मग एके दिवशी नारायणराव घरभरणीचे आमंत्रण घेऊन थेट माझ्या वर्गात आले. मधली सुट्टी होती. नव्या भिंती वाळल्या की बाड नेतो, असे म्हणून ते बाकावर बसले, पाठीमागे पचनसंस्था. सहज वळून त्यांनी तक्ता पाहिला आणि चित्रकाराच्या सवयीने त्याची कड अंगठा आणि बोटात धरली.

“बोर्ड झकास वापरलाय मास्तर. शालेला परवडतो असला?”

मी म्हणालो, देणगीतून आला. त्यांचा अंगठा कडेवरून हळूहळू खाली सरकत होता. खालच्या लाकडी पट्टीशी थांबला. पट्टी भिंतीपासून बोटभर उचलली गेली. अजून चार बोटे उचलली असती तर त्यांना पारू दिसली असती, परकरातली, डोक्यावर टोपली घेतलेली. मी आमंत्रणपत्रिका मोठ्याने वाचू लागलो—एखाद्या निरीक्षकासमोर धडा वाचावा तशी, मुहूर्त, तिथी, स्थळ, सगळे. त्यांनी पट्टी सोडली. ती भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला, तेवढाच.

त्यांना तेव्हाच कळले होते आणि त्यांनी मोठ्या मनाने ते पोटात घातले, अशी कल्पना करून पाहण्याचा मोह मला अनेकदा झाला. ती सोय मी स्वतःला देणार नाही. त्यांना कळले नव्हते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, एवढेच.

पावसाळ्यात खाडीचे पाणी चढून आमच्या शाळेच्या तळमजल्यात शिरले. भांडारातली हजेरीपुस्तके लगदा झाली. पुढच्याच महिन्यात नारायणराव आनंदाने आले. ठाण्याहून निघणाऱ्या एका नव्या साप्ताहिकाचे संपादक नुसती गोष्ट ऐकून ‘पारूचं आगर’ क्रमशः छापायला तयार झाले होते. आणि या वेळी चित्रकाराचे नाव पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत. त्यांना बाड हवे होते. मी त्यांना तळमजल्यावर नेले, भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली, कपाटातले सामान पावसाआधी इथल्या भांडारात हलवले होते असे सांगितले, आणि म्हणालो, “नारायणराव, त्यात गेलं.”

खोटे बोलायला मला खरे पाणी मिळाले होते.

ते त्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पानीच ता, मास्तर. ता कोनाचा ऐकतंय?” माझे डोळे भरून आले होते, आणि त्यांना वाटले, मी त्यांच्यासाठी रडतो आहे. म्हणून त्यांनीच मला चहा पाजला.

इथेच हे संपले असते तर? तर ती एका भ्याड माणसाची एक चूक ठरली असती. पण नारायणरावांनी गोष्ट पुन्हा काढायला घेतली. पन्नाशी उलटली होती, डोळ्यांना काचबिंदूने धरले होते, संपादक थांबायला तयार नव्हते. “छापू दे, नाय छापू दे,” म्हणाले, “आईची गोष्ट पान्यात राहता कामा नये.” ते आठवणीने काढू लागले आणि अडले की मला विचारू लागले. मी ती पाने एकदा तरी पाहिलेला एकमेव बाहेरचा माणूस होतो.

पहिला प्रश्न साधा होता. नवव्या पानावर पारू बांधावर उभी आहे, ती खाडीच्या बाजूला की डोंगराच्या? मी म्हणालो, आठवून सांगतो. सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गाचे दार लोटले, बाकावर चढलो आणि तिसरा तक्ता भिंतीपासून उचलून मागे पाहिले. खाडीच्या बाजूला. पुढच्या रविवारी मी डोळे मिटून, थोडे थांबून, उत्तर दिले.

डोळे मिटून! हे मला आजही लिहवत नाही. उत्तर माझ्या वहीत टिपलेले होते.

असे अडीच वर्षे चालले. दर रविवारी प्रश्न, दर सोमवारी बाक. एकदा आमचे शिपाई दार ढकलून आत आले. “सर, जळमटं काढताय व्हय? उतरा, पडाल. हे आमचं काम.” ते झाडू घेऊन वर चढले, आणि ते तक्ता उचलणार एवढ्यात मी त्यांना ओरडून खाली उतरवले. आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवण्याची माझी ती एकच वेळ.

कळव्यात मात्र माझी कीर्ती वाढत होती. कोणत्या चौकटीत किती बायका, कोणाच्या हातात फावडे, कोणाच्या पायात काय—मी सगळे सांगत असे. “मास्तरांच्या डोक्यात छापखाना हाय,” नारायणराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हिराबाई भाकरी थापता थापता टोमणा मारीत, “ह्यांना सकाली काय जेवलं ता आठवत नाय, आनि मास्तरांना मागल्या जलमाचा पन ठावा हाय!” आणि मी हसत असे. मला ते आवडत असे, हेही लिहितो. ज्या माणसाचे मी घेतले होते, त्याचेच त्याला हप्त्याहप्त्याने देत होतो आणि त्याबद्दल कौतुक घेत होतो. पाने खिळे काढून सोडवता आली असती. दोन तासांचे काम. कापलेल्या समासांसह, डिंकाच्या डागांसह, पण चौसष्टच्या चौसष्ट. ते पाने काढत होते तेव्हा ती अस्सल पाने सहा स्थानकांपलीकडे भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती.

नारायणराव तेहतिसाव्या पानावर असताना शाळेची इमारत धोकादायक ठरली. जुने सामान काढून टाकायचे ठरले. तिघांची समिती नेमली, त्यांत मी. निर्लेखनाच्या यादीत माझ्याच सुवाच्य अक्षरात एक ओळ आहे—‘जीर्ण तक्ते, नग सोळा’. मी ते घरी नेतो म्हणालो असतो तर कोणी अडवले नसते. मीच तर केले होते ते. मी म्हणालो नाही. नेताना कोणी उलटून पाहील, घरी पत्नी पाहील, सुलभा कधी येईल आणि पाहील. आणि याहून खोल, याहून वाईट असा एक विचार—आता पुरावा राहणार नाही. तो विचार सुटकेसारखा वाटला. भंगारवाल्याने फाटकाशी लाकडी पट्ट्या उपसल्या, बोर्ड दुमडले. एका क्षणी एक बाजू वर आली—मिठाचे ढीग, त्यांमधून चालणाऱ्या बायका, उन्हाने मिटलेले डोळे. इतक्या वर्षांत प्रथमच ते पान मी दुसरे काही शोधत नसताना पाहिले. ते चांगले होते. ते फार चांगले होते. मी हातगाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

पुढच्या रविवारी प्रश्न आला. मी डोळे मिटले आणि उत्तर रचून सांगितले.

चौतीसपासून चाळीसपर्यंतची सात पाने अशी झाली. त्यांतले किती नारायणरावांचे, किती माझे, मला सांगता येत नाही. ‘मला आठवत नाही’—तीन शब्द. परीक्षेत मुलांनी कोरे सोडलेले उत्तर मी नेहमी चुकीच्या उत्तरापेक्षा प्रामाणिक मानत आलो. मला स्वतःला ते कोरे सोडता आले नाही, कारण मग विचारले गेले असते, आजवर कसे आठवत होते?

नारायणराव जाऊन बारा वर्षे झाली. हिराबाई त्याआधीच गेल्या. येत्या महिन्यात ठाण्यात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन आहे. सुलभाने दोन वर्षे खपून उभे केले. जुन्या पुस्तिका तिने रद्दीच्या दुकानांतून शोधल्या, बापाची रेषा ओळखून एकेक पान निवडले. मधल्या दालनात ‘पारूचं आगर’ची एकेचाळीस पाने असतील. खाली चिठ्ठी—‘मूळ चौसष्ट पाने पुरात नष्ट झाली. चित्रकाराने ती स्मरणातून पुन्हा रेखाटली.’ ही माहिती माझी. गेल्या महिन्यात तिचे पत्र आले—सोबतच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, बाबांनी ती पाने पुन्हा कशी काढली, ते तीन पानांत लिहाल का? “बाबांचं अर्धं डोकं तुम्हीच होतात ना, मास्तरकाका,” ती फोनवर म्हणाली. “तुमच्याशिवाय कोण लिहिणार?” पुस्तकात एका तरुण चित्रकाराचा लेख आहे, तोही तिने मला वाचायला पाठवला. त्याने सर्वांत जास्त लिहिले आहे ते शेवटच्या पानाविषयी. म्हातारी पाठमोरी निघून जाते, चित्रकार तिचा चेहरा दाखवत नाही, आणि हेच या कथेचे सर्वांत मोठे धाडस आहे, असे त्याने म्हटले आहे.

तो लेख वाचून मी तीन दिवस घराबाहेर पडलो नाही.

उद्या सकाळी मी हे लिखाण घेऊन सुलभाकडे जाईन आणि तिच्यासमोर बसून राहीन. तिने ते छापावे, जाळावे, चिठ्ठी बदलावी, की मला दाराबाहेर काढावे, हे तिचे तिने ठरवायचे. मी काही सुचवणार नाही. आता एकच रविवार सांगायचा राहिला आहे.

नारायणरावांची दृष्टी झपाट्याने कमी होत होती. चाळीस पाने झाली आणि ते म्हणाले, “मधला ऱ्हाऊ दे, शेवट आधी काढतो.” मी गेलो तेव्हा चौकीवर चौसष्टावे पान होते. निळ्या पेन्सिलीची आखणी झाली होती. बांध, मागे रिकामे आगर, आणि म्हातारी पारू. ते नाक कागदाला टेकवून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “मास्तर, शेवटच्या पानावर आई कशी होती?”

त्या पानाबद्दल त्यांनी कधीच विचारले नव्हते. तक्ते टांगल्यापासून सोळाव्याच्या मागे मी कधीच पाहिले नव्हते. मला आठवत नव्हते. डोळे मिटले, नेहमीइतका वेळ थांबलो, आणि म्हणालो, “पाठमोरी.”

त्यांनी मान वर केली. मग माझे लक्ष कागदाकडे गेले. त्यांनी काढलेली पारू वळून पाहत होती. चेहरा पुरा झाला होता—गालावरच्या सुरकुत्या, कपाळावर गोंदलेले, ओठ किंचित उघडे. त्यांच्या आईचा म्हातारपणीचा चेहरा जगात आणखी कुठेही नव्हता.

“मना वाटत होता, ती वलून बघते,” ते सावकाश म्हणाले. “रातभर बसून काढला. बरा आलाय ना?”

सुलभा दारात उभी होती. हिराबाई चुलीपाशी थांबल्या होत्या. मला फक्त एवढेच म्हणायचे होते की, नारायणराव, माझी चूक होत असेल. मी म्हणालो, “चेहरा सुंदर आहे. पण त्या पानात ती पाठमोरी होती. मला स्वच्छ आठवतं.”

“तुमी म्हनताय म्हंजे तसाच असल,” ते म्हणाले. “माझा डोका आता काय खरा नाय.”

त्यांनी चाचपडत खोडरबर शोधला. सापडेना, तेव्हा मीच तो उचलून त्यांच्या हातात दिला. डाव्या हाताने त्यांनी कागद ताणून धरला आणि कपाळापासून सुरुवात केली. डोळ्यांशी थोडे थांबले. मग तेही पुसले. तेवढा भाग पुरा कोरा होईपर्यंत खोडले, कण फुंकून टाकले, आणि त्या जागी अंदाजाने अंबाड्याची गोल रेघ काढली.

“आता बरोबर हाय, मास्तर?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.